टाकला नाही, सोडला!

पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री जेवणं उरकल्यावर वाचा. राजकारणावर नाही, त्यामुळे कुणाचा बीपी वाढणार नाही. एका कुत्र्यावर आहे. म्हणजे वरवर कुत्र्यावर.

गेल्या मंगळवारी पहाटे पावणेसहाला पेपरचं पार्सल घ्यायला स्टँडवर गेलो होतो. रसवंतीच्या गाड्याखाली काहीतरी मळकट पांढरं पडलेलं दिसलं. आधी वाटलं पोतं आहे. जवळ गेलो तर पोत्याने मान वर केली. गळ्यात लाल पट्टा, पट्ट्याला बारीक घुंगरू. अंगावरचे केस जटा होऊन पोटाला चिकटलेले, डोळ्यांखाली तपकिरी ओघळ, आणि उजव्या कानामागून असा वास की दोन पावलं मागे सरकावं लागलं.

चहावाला म्हणाला, "पामेरियन हाय. रविवारपासून हितंच हाय. बिस्कीट टाकलं तर खातंय, पण हलत न्हाय."

हलत नव्हता हे काही पूर्ण खरं नाही. मी चहा घेत होतो तेवढ्यात एक पांढरी स्विफ्ट येऊन थांबली. गाडीचं दार वाजलं आणि हे बेणं धडपडत उठलं, लंगडत गाडीपर्यंत गेलं, शेपटी हलवली, उतरणाऱ्याच्या पायाचा वास घेतला आणि परत येऊन गाड्याखाली बसलं. अर्ध्या तासात असं तीनदा झालं. पांढरी गाडी आली की उठायचं. लाल आली, काळी आली, तर ढुंकूनही बघत नव्हता.

बातमी तिथेच कळली होती. कुणीतरी पांढऱ्या गाडीतून आणून सोडलाय.

मूळ मुद्द्याआधी एक नावाचा घोळ मिटवू. आपल्या गावात पांढरं, केसाळ, टोकदार तोंडाचं, शेपटी पाठीवर वळवलेलं कुत्रं दिसलं की ते 'पामेरियन'. दहापैकी नऊ वेळा ते पॉमेरेनियन नसतं. पॉमेरेनियन हे नाव बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया प्रांतावरून पडलं. तो भाग आज पोलंड आणि जर्मनीत विभागलेला आहे. खरं पॉमेरेनियन वजनाला दीड ते साडेतीन किलो, म्हणजे आपल्या घरातल्या मांजरापेक्षाही हलकं. पूर्वी ते एवढं लहान नव्हतं. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला १८८८ मध्ये इटलीच्या दौऱ्यात लहान चणीची कुत्री आवडली, तिने ती पाळली, आणि मग सगळ्यांनाच लहान पाहिजे झालं. मोठ्यांनी केलं की धाकट्यांनी करायचं, हे काही आपल्याकडेच नाही.

आपल्याकडे दिसतं ते 'इंडियन स्पिट्झ'. इंग्रजांच्या काळात जर्मन स्पिट्झ जातीची कुत्री इथे आली आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्या उन्हातान्हात वाढत त्यांची एक वेगळी जात तयार झाली, असा तिचा इतिहास सांगतात. लहान चणीतलं पाच ते सात किलोचं, मोठ्या चणीतलं त्याच्या दुप्पट-तिप्पट. हुशार, चपळ, पचायला सोपं, राखणीला पक्कं. विदेशी जातींच्या मानाने आपली हवा त्याला बरीच सोसते. थोडक्यात, हे कुत्रं आपलंच आहे. फक्त नाव साहेबाचं लावल्याशिवाय आपल्याला त्याची किंमत वाटत नाही.

आणि विकणाऱ्याला हे बरोबर कळतं. पिल्लं विकणाऱ्यांची एक भाषाच आहे. 'टॉय पॉम', 'कल्चर पॉम', 'डबल कोट', 'हेवी बोन', 'ओरिजनल लाइन'. यातलं 'कल्चर पॉम' नावाची जात जगातल्या कुठल्याच केनेल क्लबच्या यादीत नाही. पण ऐकायला भारी वाटतं आणि दोन हजाराच्या पिल्लाचे आठ हजार होतात.

आता स्वतःचं सांगतो, कारण दुसऱ्याला बोलायच्या आधी ते सांगणं भाग आहे.

१९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला. त्यातला टफी आठवतोय ना? क्रिकेटमध्ये अंपायरिंग करणारा, शेवटी चिठ्ठी नेऊन देणारा. तो इंडियन स्पिट्झ. त्यानंतर प्रत्येक गल्लीत एक टफी झाला. आमच्या गल्लीत तीन होते, कुणी "टफी" म्हणून हाक मारली की तिन्ही घरांतून भुंकण्याचा आवाज यायचा. त्यातला एक आमचा. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पिशवीत घालून एसटीतून आणला होता. एवढासा. नीट चालताही येत नव्हतं त्याला. आज हिशेब करतो तर तो महिन्याचाही नसावा.

आम्ही त्याच्यावर जीव लावला, यात शंका नाही. पण काय काय केलं ऐका. सकाळ-संध्याकाळ दूध-पाव. दर रविवारी कपडे धुवायच्या साबणाने अंघोळ, कारण पांढरा आहे, मळतो. एप्रिलमध्ये 'बिचाऱ्याला गरम होत असेल' म्हणून अण्णांनी न्हाव्याला घरी बोलावलं आणि त्याचे सगळे केस भादरले. चार दिवसांत पाठ लाल झाली, नंतर खपल्या धरल्या. केस परत आले ते पाठीवर ठिगळ ठिगळ. कुणी म्हणालं गंधक लावा, कुणी म्हणालं जळकं ऑइल लावा. दोन्ही लावलं.

मग १९९९ मध्ये आम्ही भाड्याच्या घरातून दुसऱ्या भाड्याच्या घरात गेलो. नव्या घरमालकाला कुत्रं चालत नव्हतं. अण्णा एके दिवशी त्याला स्कूटरवर पुढे उभा करून घेऊन गेले आणि एकटेच परत आले. "मामाच्या शेतावर सोडला, तिथं मोकळा राहील," म्हणाले. मी दहावीला होतो. मामाच्या शेतावर त्यानंतर मी पन्नासदा गेलो असेन. टफी कुठे आहे, हे एकदाही विचारलं नाही. कारण काय उत्तर येईल हे माहीत होतं.

म्हणून स्टँडवरचं कुत्रं कुणी सोडलं याचा मी शोध घेतला तो काही फार उंचावर उभं राहून नाही.

शोध लागायला वेळ लागला नाही. समोरच्या मोबाईलच्या दुकानाचा कॅमेरा, रविवारी रात्री दहा वाजून काही मिनिटं. गाडी दिसते, नंबर दिसतो, माणूसही दिसतो. नाव लिहिणार नाही. कमेंटमध्ये विचारू नका, आणि अंदाज बांधून कुणाचं नाव टाकलंत तर कमेंट डिलीट करीन. माणूस वाईट नाही. मी त्याला फोन केला, मग घरी गेलो. चहा झाला.

त्याचं म्हणणं असं. मुलगी दहावीत असताना तिने हट्ट धरला, व्हिडिओ बघून. आणलं. दोन वर्षं मजेत गेली. आता ती पुण्याला कॉलेजला. बायको नोकरीला जाते. आई ऐंशीची, तिला भुंकणं सहन होत नाही, शिवाय एकदा पायात आल्याने ती पडता पडता वाचली. कुत्रं दिवसभर बाल्कनीत बांधलेलं. भुंकतं म्हणून शेजाऱ्यांच्या तक्रारी. मग त्याला खाज सुरू झाली, वास यायला लागला. दोन ठिकाणी विचारलं, कुणी घेईना.

मी म्हणालो, "म्हणून स्टँडवर टाकलंत?"

तो पटकन म्हणाला, "दादा, टाकला नाही हो, सोडला. तिथं हॉटेलं आहेत, खायला मिळतं. मुद्दाम तिथं सोडला."

सोडला. अण्णांचाच शब्द. पंचवीस वर्षांत शब्दसुद्धा बदलला नाही. मला पुढे काही बोलता आलं नाही. उठताना त्याने विचारलं, "मुलीला कळू देऊ नका. तिला सांगितलंय की पळून गेला."

आता जरा रोखठोक बोलू.

हे कुत्रं म्हणजे शोभेची वस्तू नाही. हे बारा-चौदा वर्षं जगणारं जनावर आहे. दहावीतल्या मुलीसाठी आणलेलं पिल्लू तिचं कॉलेज, नोकरी, लग्न होऊन ती सासरी गेली तरी तुमच्याच घरात असणार आहे. हा हिशेब पिल्लू आणताना कुणी करत नाही. म्हैस घेताना दहा जणांना विचारतो, दूध काढून बघतो, दात मोजतो. कुत्र्याला मात्र "किती क्यूट" एवढंच.

दुसरं, ते भुंकणारच. स्पिट्झ जातीचा तो स्वभाव आहे, रोग नाही. दारात चोर आला काय, कुरिअरवाला आला काय आणि भिंतीवर मांजर बसलं काय, त्याच्या लेखी सगळं सारखंच. दिवसभर बांधून एकटं ठेवलं तर जास्त भुंकतं, कारण हे माणसाच्या मागे मागे फिरणारं कुत्रं आहे, घरातल्या एकाला धरून राहणारं. त्याला रोज दोन वेळा फिरवणं आणि घरात माणसांत ठेवणं, हे भुंकण्यावरचं अर्धं औषध. लहान असताना चार माणसं, गाड्यांचे आवाज, दुसरी कुत्री याची सवय लावणं, हे उरलेलं. आणि तीन-चार वर्षांच्या पोराच्या हातात खेळणं म्हणून देऊ नका. कान ओढला, शेपटी ओढली, तर ते चावणार. मग दोष कुत्र्याला.

केसांचं तर फारच बोलायचं आहे, कारण तिथे आमचाच गुन्हा झालाय. या कुत्र्याला केसांचे दोन थर असतात. आत मऊ दाट लोकर, वर लांब राठ केस. आपल्याला वाटतं स्वेटर घालून बसलंय. पण तोच थर उन्हाचा तडाखा थेट कातडीला लागू देत नाही. वस्तऱ्याने किंवा मशीनने बुडापासून भादरलं की कातडी उघडी पडते, भाजते, आणि या जातीत पुष्कळदा केस परत नीट येतच नाहीत. उन्हाळ्यात करायचं ते एवढंच: एक दिवसाआड कंगव्याने विंचरून आतली सुटलेली लोकर काढून टाकायची, पोटाखालचे आणि पंजांतले केस फार तर थोडे कातरायचे, दुपारी सावलीत गार फरशीवर बसू द्यायचं, पाणी भरलेलं ठेवायचं. फिरवायचं ते सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. डांबरी रस्त्यावर आपला तळवा ठेवून बघा. आपल्याला पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पंजालाही भाजतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच गार होतं. बंद गाडीत 'दोनच मिनिटं' ठेवून दुकानात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते, आणि साबण कुत्र्याचाच. माणसाच्या शाम्पूने त्याची कातडी कोरडी पडते, मग खाज, मग जखमा. अंघोळीनंतर आतली लोकर वाळली नाही तर तिथेच बुरशी धरते. कानामागे, काखेत, शेपटीखाली जटा होतात. आमच्या स्टँडवाल्याच्या कानामागची जट कापली तेव्हा खाली जखम होती आणि जखमेत अळ्या. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, नुसता वास.

खाण्याचं थोडक्यात. दूध-पाव आणि ग्लुकोज बिस्किटं हे जेवण नाही. मोठ्या कुत्र्याला दूध बऱ्याचदा पचत नाही, हगवण लागते. उकडलेलं चिकन किंवा अंडं, भात, थोडं दही, उकडलेला भोपळा-गाजर. नाहीतर चांगलं तयार खाद्य, दिवसातून दोनदा, मोजून. कांदा-लसूण त्याला चालत नाही, म्हणजे मटणाच्या रश्श्यात कालवलेला भात बाद. मनुका-द्राक्षं विषारी, म्हणजे सत्यनारायणाच्या शिऱ्यातला प्रेमाचा घासही बाद. चॉकलेटही नाही. शिजवलेल्या कोंबडीची हाडं फुटून घशात-आतड्यात टोचतात. आणि अंग गरम लागलं म्हणून घरातली तापाची गोळी देऊ नका; त्याचं नेहमीचं तापमानच १०१-१०२ फॅरनहाइट असतं आणि आपली गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते.

लहान चणीच्या कुत्र्यांचे दात लवकर किडतात, गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनलिका नाजूक असते. म्हणून गळ्याच्या पट्ट्याला साखळी लावून ओढायचं नाही, छातीवरून जाणारा पट्टा वापरायचा. पलंगावरून उड्या मारायला लावायच्या नाहीत. लठ्ठ होऊ द्यायचं नाही, आपल्याकडे लाडाने ते हमखास होतं. गोचीड दिसली तर 'असतातच' म्हणून सोडायची नाही, गोचीडतापाने कुत्रं जाऊ शकतं. मादी असेल आणि पिल्लं घ्यायची नसतील तर वेळेवर नसबंदी करून घ्या. वय झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू होतो आणि तो जिवावर उठतो.

एवढं सगळं वाचून "एवढी कटकट असेल तर नकोच बाबा" असं कुणाला वाटलं असेल, तर माझे कष्ट निम्मे सार्थकी लागले. खरंच नको. नाही पाळलं म्हणून कुणाचं काही अडत नाही.

आता गावाचा प्रश्न.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबद्दल आधी एक आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो दुरुस्त केला. तेव्हा आपल्या गावच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर युद्ध पेटलं होतं. मारा म्हणणारे एकीकडे, पाळा म्हणणारे दुसरीकडे. त्या भांडणात एक गोष्ट कुणीच बोललं नाही. रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं रस्त्यावरच जन्माला आलेलं नसतं. काही आपल्या घरातून गेलेली असतात. गेल्या महिन्याभरात मी नुसतं डोळे उघडे ठेवून फिरलो तर बाजार समितीमागे एक स्पिट्झ मादी दिसली, पोट ओढलेलं, मागे चार करडी पिल्लं. कॉलेजच्या मैदानाजवळ एक लॅब्राडॉर, फऱ्या दिसतायत. २००३ नंतर मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतल्या पगने गावं वेडी केली होती, तसे दोन पग गेल्या पावसाळ्यात ओढ्याच्या पुलाखाली होते. आता नाहीत. टफी झाला, पग झाला, आता शहरातून शिह त्झू येतायत. त्यांना तर आपला मे महिना बघायचाय अजून.

आणि रेबीजचं काय? "घरचा पामेरियन आहे, त्याला कुठे रेबीज होतो" हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय. होतो. लस न दिलेल्या कुठल्याही कुत्र्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं की होतो, रंग पांढरा असो की काळा. पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, मग दरवर्षी. त्याच्याआधी पार्व्हो-डिस्टेंपरच्या लशी, सहा ते आठ आठवड्यांपासून. आपल्या गावात पिल्लं विकली जातात ती तीस दिवसांची, पंचेचाळीस म्हणून सांगून. अंगात लशीचा थेंब नाही. अशा पिल्लाचा दात जरी लागला, ओरखडा जरी उठला, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. मिरची नाही, चुना नाही, मांत्रिक नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही, हे समजायला डॉक्टर असायची गरज नाही. देशाने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचं ठरवलंय. ठरवलंय दिल्लीत. लस मात्र आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला टोचायचीय.

कायदा नाही असं नाही. २०१७ चे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्य पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी किमान दीड वर्षाची हवी, आठ वर्षांच्या पुढची नको, आणि आयुष्यात पाच वेतांपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. हे नियम आणि आपला आठवडी बाजार यांची कधी भेट झालेली नाही. दर गुरुवारी टोमॅटोच्या क्रेटमध्ये पिल्लं घालून माणूस बसतो. मागच्या गुरुवारी मी गिऱ्हाईक म्हणून विचारलं, "नोंदणी आहे का?" तो म्हणाला, "कशाची? हे काय गाडीय?" मी म्हणालो, "याची आई कुठंय?" "गावाकडं." "बघायला येऊ का?" मग त्याला माझा संशय आला. पिल्लू घेणाऱ्याने आई बघितल्याशिवाय घेऊच नये. आई कशी ठेवलीय हे बघितलं की बाकी काही विचारावं लागत नाही.

आणि सोडून दिलं तर? १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. दंड किती माहितीय? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. स्टँडसमोर मिसळ साठला मिळते.

नगरपरिषदेत गेलो. पाळीव कुत्र्यांची नोंद आहे का, म्हणून विचारलं. साहेब हसले. पुण्या-मुंबईत महापालिका पाळीव कुत्र्याचा परवाना देते, लसीचा दाखला बघून. आपल्याकडे नळाची, घराची, टपरीची नोंद होते, कुत्र्याची नाही. मग ते कुणाचं होतं हे सांगणार कोण? माझं म्हणणं फार मोठं नाही. घरपट्टीच्या खिडकीवर एक वही ठेवा. कुत्रं, मालक, लसीची तारीख. दरवर्षी लस दाखवून सही. गळ्यात नंबरचा बिल्ला. गुरुवारच्या बाजारात बाजार वसुलीचा माणूस फिरतोच, त्याने क्रेटवाल्याला नोंदणीचा कागद विचारावा. आणि वर्षातून दोन दिवस रेबीज लसीचं शिबिर, पाळीव आणि भटकी दोन्ही. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशींच्या कामाने आधीच वाकलेत, हे मला दिसतं. त्यांच्यावर ओरडण्यात अर्थ नाही. पण दोन दिवस ठरवून, लस नगरपरिषदेने घेऊन दिली तर होऊ शकतं. विसर्जन मिरवणुकीच्या मंडपाएवढाही खर्च नाही त्याला. सोमवारी मी हे लेखी अर्ज करून देणार आहे. पोचपावतीचा फोटो इथे टाकीन. ज्या नगरसेवकांना या पोस्टवर अंगठा दाखवायचाय त्यांनी त्यापेक्षा अर्जावर सही करावी.

ज्यांना कुत्रं ठेवणं खरंच अशक्य झालंय, त्यांच्यासाठी. होतं असं, मी नाही म्हणत नाही. घरं बदलतात, माणसं आजारी पडतात. पण मग नवीन घर शोधा. महिना लागेल, दोन लागतील. लसीचा कागद हातात द्या, त्याच्या सवयी सांगा, स्वतः नेऊन पोचवा. माझ्या पेजवर फुकट पोस्ट टाकून देतो. रात्री दहाला स्टँडवर गाडीचं दार उघडू नका.

तर तो स्टँडवाला. मंगळवारी दुपारी त्याला पोत्यात गुंडाळून दवाखान्यात नेला. अळ्या काढल्या, जखम धुतली, इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले साधारण चार वर्षांचा आहे, नर, लंगडणं जुन्या गुडघ्याचं आहे, त्याला चालता येईल. सध्या आमच्या घरी आहे. बायको पहिल्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी तिनेच त्याच्यासाठी भोपळा उकडला. पण आमच्याकडे आईला दमा आहे, आणि आम्ही दोघं दिवसभर बाहेर. खोटं कशाला बोलू, आम्ही त्याला नीट सांभाळू शकणार नाही.

कुणाला न्यायचा असेल तर इनबॉक्समध्ये या. पैसे नाहीत. पण आधी घरातल्या सगळ्यांना विचारून या, म्हाताऱ्या माणसांनासुद्धा. भाड्याचं घर असेल तर घरमालकालाही. मी घर बघायला येणार, आणि तीन महिन्यांनी परत बघायला येणार, त्याचा राग मानायचा नाही. जखम भरल्यावर रेबीजची लस देऊनच हातात देईन. भुंकतो. उजव्या कानाला हात लावू देत नाही अजून. नाव माहीत नाही, टफी म्हटलं तर बघत नाही.

शक्यतो पांढरी गाडी नसलेलं घर हवंय.